सेरिफ इटॅलिक: ओळखायचा कसा, निवडायचा कसा आणि हात कुठे आवरायचा

टेक्स्ट सिलेक्ट केलं, कंट्रोल-आय दाबलं, अक्षरं उजवीकडे कलली, झालं इटॅलिक. बहुतेकांना असंच वाटतं आणि सॉफ्टवेअरही तसं वाटू देतं. पण गॅरामंड, कॅस्लन, बास्करविल, टाइम्स असल्या पारंपरिक सेरिफ फॉन्टमधला, म्हणजे दांड्यांच्या टोकांना छोट्या पट्ट्या असलेल्या अक्षरांच्या फॉन्टमधला इटॅलिक म्हणजे उभ्या अक्षरांना बाजूने ढकलून तयार केलेला प्रकार नसतो, तो वेगळा काढलेला, वेगळ्या सांगाड्याचा फॉन्ट असतो आणि उभ्या अक्षरांशी त्याची फक्त जोडी लावलेली असते. एवढं डोळ्यात बसलं की पुढचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात, कुठला फॉन्ट घ्यायचा, किती मोठा लावायचा, कुठे लावायचाच नाही वगैरे.

हे सगळं मुख्यतः रोमन लिपीतला मजकूर लावणाऱ्यांसाठी आहे, मग ते पुस्तक असो, प्रबंध असो, वेबसाइट असो की नुसता पोस्टर. देवनागरीबद्दल शेवटी थोडं आहे.

आधी ओळखायला शिका

कुठलाही सेरिफ फॉन्ट घ्या, ७२ पॉइंटला स्मॉल ए टाइप करा, एकदा साधा आणि एकदा इटॅलिक. साध्यात म्हणजे ज्याला टाइपवाले रोमन म्हणतात त्यात, ए दोन मजली असतो, खाली पोट आणि वर वळलेली आकडी. इटॅलिकमध्ये तो एकमजली होतो, नुसतं पोट आणि बाजूला दांडी, आपण वहीत लिहितो तसा. मग स्मॉल एफ बघा. रोमनमधला एफ बेसलाइनवर, म्हणजे अक्षरं ज्या रेषेवर उभी राहतात तिच्यावर, पाय रोवून उभा असतो आणि इटॅलिकमधला एफ बेसलाइनच्या खाली शेपूट सोडतो, कधीकधी चांगली लांब. ई बघा, रोमनमध्ये मधली आडवी रेघ वेगळी दिसते, जुन्या पद्धतीच्या इटॅलिकमध्ये पेन न उचलता एका झटक्यात वळवल्यासारखा ई असतो. व्ही आणि डब्ल्यूच्या टोकदार कोपऱ्यांच्या जागी गोलाई येते, के मध्ये काही फॉन्टात छोटासा फासा येतो, झेडला लाट येते, आणि सोळाव्या शतकातल्या नमुन्यांवरून केलेल्या काही फॉन्टात एचचा पुढचा पाय इतका आत वळतो की घाईत वाचणाऱ्याला तो बी वाटतो.

आता पायांकडे बघा. रोमनमध्ये दांडीच्या खाली दोन्ही बाजूंना सेरिफ असतं, सपाट पट्टीसारखं. इटॅलिकच्या स्मॉल अक्षरांत ते बहुतेक नसतंच, त्याच्याऐवजी डावीकडून आत येणारी एक बारीक रेघ आणि उजवीकडे बाहेर जाणारी एक छोटी झटक असते, कारण हे अक्षर मुळात लिहिताना पेन पुढच्या अक्षराकडे निघालेलं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे पटकन दिसत नाही ते म्हणजे एन ची कमान. रोमन एन मध्ये कमान दांडीच्या वरच्या भागातून फुटते. इटॅलिक एन मध्ये ती खूप खालून, कधी अर्ध्यातून तर कधी जवळपास पायापासून वर चढत जाते, त्यामुळे दांडी आणि कमान यांच्यात एक अरुंद पाचरीसारखी फट राहते. या एका फटीवरून अख्ख्या फॉन्टची लय ठरते, सगळी अक्षरं अरुंद का दिसतात त्याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे.

तर चाचणी अगदी सोपी. कंट्रोल-आय दाबल्यावर ए दोन मजलीच राहिला आणि एफ बेसलाइनवरच उभा राहिला तर समजायचं की तुमच्याकडे इटॅलिकची फाइलच नाहीये आणि सॉफ्टवेअरने रोमन वाकवून दिलाय. याला खोटा इटॅलिक म्हणतात. सेरिफमध्ये तो वाईट दिसतो, सेरिफच्या सपाट पट्ट्या तशाच आडव्या राहतात आणि दांड्या तिरक्या होतात, म्हणजे अक्षर उभं राहायच्या आणि पळायच्या मध्येच कुठेतरी अडकलेलं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, मुद्दाम वाकवलेला रोमन हाच खरा आदर्श इटॅलिक असं मानणारेही होऊन गेलेत आणि ते काही ऐरेगैरे नव्हते. स्टॅनली मॉरिसन, ज्याच्या देखरेखीखाली १९३२ मध्ये टाइम्स न्यू रोमन आला, त्याने १९२६ मध्ये लेख लिहून असं मांडलं होतं की रोमनबरोबर वापरायचा इटॅलिक हा कललेला रोमनच असावा, म्हणजे पानावर दोन वेगळे हात दिसणार नाहीत. एरिक गिलच्या पर्पेचुआ फॉन्टसाठी तसा प्रयोग झाला, यान फान क्रिम्पेनच्या रोम्युलस फॉन्टमध्येही झाला. पुढे मॉरिसननेच ते सोडून दिलं, टाइम्सचा इटॅलिक बघा, एकमजली ए, खाली जाणारा एफ, सगळं जुन्या वळणाचं. सान्स सेरिफमध्ये, म्हणजे पट्ट्या नसलेल्या फॉन्टमध्ये, मात्र कललेला रोमन सर्रास चालतो, हेल्व्हेटिका, युनिव्हर्स ही ठळक उदाहरणं, आणि तिथे तो खपूनही जातो कारण तिथे सेरिफच नसतं. त्याला ऑब्लिक म्हणतात.

हे वळण आलं कुठून

थोडक्यात सांगतो, कारण वापराचे अर्धे नियम इथून येतात. पंधराव्या शतकात इटलीतले विद्वान आणि कचेऱ्यांतले लेखनिक जो भरभर लिहायचा कलता हात वापरायचे त्यावरून व्हेनिसचा प्रकाशक आल्डस मॅनुटियस याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने टाइप कापला, म्हणजे धातूत कोरला, आणि १५०१ मध्ये व्हर्जिलचं अख्खं पुस्तक त्यात छापलं. अख्खं पुस्तक, एकेक शब्द नाही. हातात मावेल एवढं छोटं पुस्तक होतं ते, आणि गंमत म्हणजे त्यात कॅपिटल अक्षरं उभीच होती, छोट्या आकाराची रोमन कॅपिटल्स. कलती कॅपिटल्स नंतर आली. फ्रान्समधल्या ल्यॉंमध्ये लगेच नकला निघाल्या, आल्डसने व्हेनिसच्या सरकारकडून हक्कही मिळवले होते पण ल्यॉंमध्ये ते कोण ऐकतंय. मग १५२० च्या दशकात रोममध्ये लुडोविको देल्यी अरीगी, जो स्वतः लेखनिक होता, त्याने जास्त मोकळा, लांब शेपट्यांचा इटॅलिक आणला. आणि त्याच शतकात फ्रान्समध्ये क्लोद गॅरामंड, रोबेर ग्रांजों या मंडळींच्या काळात इटॅलिक हळूहळू रोमनचा जोडीदार झाला, स्वतंत्र पुस्तकाऐवजी रोमनच्या पानात मधेच येणारा. ग्रांजोंचे इटॅलिक इतके चांगले आहेत की आज बऱ्याच गॅरामंड नावाच्या फॉन्टमध्ये रोमन गॅरामंडचा आणि इटॅलिक ग्रांजोंवरून घेतलेला असतो. अडोबी गॅरामंड तसाच, फुकट मिळणारा ईबी गॅरामंडही तसाच, त्याचा आधार १५९२ चा एक नमुनापत्रक आहे.

म्हणजे बघा, जोडी म्हणून जे आपल्याला मिळतं ते पुष्कळदा दोन वेगळ्या माणसांचं काम असतं. सेंटॉर हा रोमन ब्रूस रॉजर्सचा आणि त्याच्याबरोबर येणारा अरीगी इटॅलिक फ्रेडरिक वॉर्डचा. बेम्बोच्या वेळेला तर आणखी मजा झाली, आल्फ्रेड फेअरबँकने केलेला इटॅलिक इतका स्वतंत्र बाण्याचा निघाला की रोमनच्या शेजारी तो जुळेना, मग त्याच्या जागी दुसरा शांत इटॅलिक केला आणि फेअरबँकचा वेगळ्या नावाने बाजारात आला. सुटा बघितला तर फेअरबँकचाच देखणा आहे असं माझं मत, पण परिच्छेदात देखणेपणाला कोणी विचारत नाही.

निवडताना काय बघायचं

पहिली गोष्ट, इटॅलिक एकटा बघून फॉन्ट निवडू नका. एक नेहमीचा परिच्छेद रोमनमध्ये लावा, त्यात मधे तीन-चार शब्द इटॅलिक करा, एक जागी पुस्तकाचं नाव, एक जागी परका शब्द, एक जागी नुसता जोर. मग कागदावर ज्या साइझला छापणार त्याच साइझला प्रिंट काढा. वाचताना इटॅलिक शब्द कळला पाहिजे पण नजर पानावर आधीच त्याच्याकडे धावता कामा नये. पान हातभर लांब धरून डोळे बारीक करा, इटॅलिकचे तुकडे फिकट भोकांसारखे दिसत असतील तर तो रोमनच्या मानाने फार हलका आहे, काळे ठिपके दिसत असतील तर उलटं. थोडा हलका चालतो, बहुतेक चांगले इटॅलिक रोमनपेक्षा किंचित हलके आणि बरेच अरुंद असतातच.

कल किती असावा याला एकच आकडा नाही. पाच-सहा अंशांपासून वीसपर्यंत सगळं सापडतं आणि गिलच्या जोआनाचा इटॅलिक तर जेमतेम तीनेक अंशांचा आहे तरी तो इटॅलिक म्हणून व्यवस्थित ओळखू येतो, कारण ओळख कलण्याने होत नाही, आकाराने होते. कल कमी तितकं लांब मजकूर वाचायला सोपं, कल जास्त तितका एकेक शब्द उठून दिसतो. त्यामुळे प्रस्तावना, पत्र, कविता असं दोन-चार पानं इटॅलिकमध्ये लावायचं असेल तर कमी कलाचा, मोकळा इटॅलिक शोधा. नुसता संदर्भसूचीत पुस्तकांच्या नावांसाठी हवा असेल तर टाइम्ससारखा चांगला कललेला पण चालतो.

कॅस्लनच्या इटॅलिकमध्ये एकेका अक्षराचा कल वेगवेगळा आहे, कॅपिटल ए तर जास्तच झुकलेला. अठराव्या शतकातल्या विल्यम कॅस्लनच्या मूळ टाइपात हे असंच होतं आणि काही नव्या आवृत्त्यांनी ते मुद्दाम ठेवलंय. पुस्तकात त्याने एक जिवंतपणा येतो, पण कंपनीच्या वार्षिक अहवालात तेच गबाळं वाटू शकतं. बास्करविलचा इटॅलिक जास्त नीटनेटका, शिस्तीतला. बोडोनी आणि डिडो जातीच्या इटॅलिकमध्ये बारीक रेघा इतक्या बारीक असतात की १० पॉइंटला त्या तुटतात, विशेषतः काळ्या बॅकग्राउंडवर पांढरी अक्षरं असतील तर विचारूच नका, ते मोठ्या शीर्षकासाठीच ठेवा. कॉर्मोरंट हा असाच, फुकट आहे, सुंदर आहे, म्हणून लोक बॉडी टेक्स्टला लावतात आणि मग वाचता येत नाही म्हणून रडतात, तो मोठ्या साइझसाठीच काढलाय. स्क्रीनवर बॉडी टेक्स्टला जॉर्जिया अजूनही टिकून आहे, मॅथ्यू कार्टरने तो स्क्रीनसाठीच काढला आणि त्याचा इटॅलिक खरा इटॅलिक आहे, वाकवलेला नाही.

फॅमिलीत बोल्ड इटॅलिक आहे का ते बघून घ्या. पारंपरिक टाइपात बोल्ड ही नंतरची गोष्ट, सोळाव्या-अठराव्या शतकात कोणी बोल्ड इटॅलिक कापत नव्हतं, त्यामुळे काही रिव्हायव्हल फॉन्टात, म्हणजे जुन्या टाइपावरून नव्याने केलेल्या फॉन्टात, तो नसतोच आणि मग वर्ड तुम्हाला खोटा बनवून देतो, जाड पण खोटा आणि वाकडा पण खोटा.

पानावर लावताना

स्पेसिंगला हात लावू नका. कॅपिटल्समध्ये थोडी जागा सोडतात ते ठीक, पण स्मॉल इटॅलिक अक्षरांत ट्रॅकिंग म्हणजे अक्षरांमधली जागा वाढवली की त्या आत-बाहेर जाणाऱ्या बारीक रेघा हवेत लोंबकळायला लागतात आणि लय जाते. लांब मजकूर इटॅलिकमध्ये असेल तर ओळ थोडी आखूड ठेवा, अक्षरं अरुंद असल्याने तेवढ्याच रुंदीत जास्त अक्षरं बसतात आणि डोळा ओळ चुकतो.

रोमन आणि इटॅलिक जिथे भेटतात तिथे लक्ष द्या, खरी गडबड तिथे होते. इटॅलिक शब्दाच्या शेवटी एफ किंवा डी आला आणि लगेच रोमन कंस किंवा अवतरणचिन्ह आलं तर एफचं डोकं कंसाला धडकतं. लेटेक्समध्ये, म्हणजे कमांड देऊन मजकूर लावायच्या प्रणालीत, इटॅलिक करेक्शन नावाची सोय यासाठीच आहे आणि जोर द्यायची जी नेहमीची कमांड आहे ती ते आपोआप करते. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र हाताने कर्निंग करावं लागतं, म्हणजे दोन अक्षरांमधली जागा कमी-जास्त करावी लागते, किंवा केसाएवढी स्पेस टाकावी लागते. धातूच्या टाइपात तर एफचा पुढे आलेला भाग खिळ्याच्या बाहेर लटकायचा आणि तुटायचा, एफ-आय, एफ-एल अशी जोडाक्षरं म्हणजे लिगेचर एकत्र ओतायचं मोठं कारण तेच. आजही लिगेचर चालू ठेवा, इटॅलिकमध्ये ती रोमनपेक्षा जास्त गरजेची आहेत.

कंसांबद्दल, वाक्य रोमन असेल आणि फक्त कंसातला मजकूर इटॅलिक असेल तर कंस रोमनच ठेवा. काहीही करा पण एक कंस उभा आणि एक तिरका असं करू नका, हे घाईघाईत सिलेक्ट केल्याने होतं आणि एकदा दिसायला लागलं की प्रत्येक पुस्तकात दिसतं. स्वल्पविरामाचं पूर्वी वेगळं होतं, इटॅलिक शब्दाला लागून असला तर तोही इटॅलिक, आता बरेच जण वाक्याप्रमाणे रोमन ठेवतात. दोन्ही चालतं, एका पुस्तकात एकच धरा.

अख्ख्या कॅपिटल अक्षरांत इटॅलिक शक्यतो नको. आणि स्वॉश कॅपिटल्स, म्हणजे लांब नक्षीदार शेपट्यांची कॅपिटल्स, ही शब्दाच्या सुरुवातीला एखादी, बस. सगळा शब्द स्वॉशमध्ये लावणं म्हणजे वरातीतल्या सगळ्यांनीच नवरदेवाचा फेटा बांधणं. चांगल्या फॉन्टात ही अक्षरं ओपनटाइप फीचर्समध्ये, म्हणजे फॉन्टच्या आतल्या जादा सोयींत, लपलेली असतात, स्वॉश नावाने चालू करता येतात, सगळ्या मजकुराला एकदम लागू करू नका, एकेक अक्षर निवडून करा.

एक जुनी छान युक्ती, रोमन कॅपिटल्समधल्या शीर्षकात किंवा नावात अँपरसँड म्हणजे आणिचं चिन्ह तेवढं इटॅलिकमधून घ्या. सेरिफ इटॅलिकमधला अँपरसँड बहुतेक वेळा जास्त देखणा असतो, त्यातली ई आणि टी ही अक्षरं अजून ओळखू येतात, आणि कॅस्लनचा तर त्यासाठी प्रसिद्धच आहे.

कुठे वापरायचा, कुठे नाही

इंग्रजी मजकुरात रूढी बऱ्याचशा पक्क्या आहेत. पुस्तकं, वर्तमानपत्रं, मासिकं, सिनेमे, जहाजांची नावं इटॅलिक, पण एकटी कविता, एखादा लेख, कथासंग्रहातली एक कथा अवतरणचिन्हात. परक्या भाषेतला शब्द जो वाचकाला अनोळखी आहे तो इटॅलिक, आणि बरेच संपादक तो पहिल्यांदा येतो तेव्हाच इटॅलिक करतात, मग रोमन. इंग्रजीत मुरलेले शब्द, अ‍ॅड हॉक वगैरे, ते इटॅलिक करायची आता गरज नाही. नाटकाच्या छापील संहितेत रंगसूचना इटॅलिक असतात आणि ते फार सोयीचं आहे, नटाला काय बोलायचं आणि काय करायचं हे एका नजरेत वेगळं कळतं.

इटॅलिक परिच्छेदाच्या आत पुन्हा इटॅलिक करायची वेळ आली तर तो शब्द उलटा रोमन करायचा. साधं आहे पण लोक तिथे बोल्ड किंवा अंडरलाइन टाकतात. अंडरलाइन मुळात टाइपरायटरवर आणि हस्तलिखितात इटॅलिकच्या बदली यायची, जुळाऱ्याला खूण म्हणून की हे इटॅलिक लाव. दोन्ही एकत्र टाकणं म्हणजे खूणही छापली आणि खुणेचा अर्थही छापला.

शास्त्राच्या लेखनात इटॅलिक म्हणजे सजावट नाही, तिथे अर्थ बदलतो, म्हणून तिथे जास्त जपून. प्राण्या-वनस्पतींच्या शास्त्रीय नावात प्रजाती आणि जाती इटॅलिक, होमो सेपियन्स दोन्ही शब्द, पहिल्याचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि दुसरा पूर्ण स्मॉल. टायरॅनोसॉरस रेक्सचं टी. रेक्स केलं तरी इटॅलिकच. पण जाती माहीत नसेल तेव्हा जे स्पीशीजचं लघुरूप लावतात ते रोमन. माणसाच्या जनुकाचं चिन्ह इटॅलिक आणि त्याच जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचं चिन्ह रोमन, म्हणजे तीच अक्षरं, फक्त कल बदलला की वेगळी वस्तू.

गणित-भौतिकात राशींची चिन्हं इटॅलिक आणि एककांची उभी. इटॅलिक एम म्हणजे वस्तुमान आणि उभा एम म्हणजे मीटर, एकाच समीकरणात दोन्ही आले तर फरक फक्त एवढाच. आकडे उभे, साइन, लॉग ही नावं पण उभी, कारण साइन इटॅलिक केला तर तो एस गुणिले आय गुणिले एन असा वाचता येतो. लेटेक्समध्ये साइन, लॉगसाठी वेगळ्या कमांड आहेत त्या यासाठीच, लोक त्या न वापरता नुसतं टाइप करतात आणि समीकरणात शब्द विरघळून जातो. वर्डच्या इक्वेशन एडिटरमध्येही टाइप करून झालं की एककं उभी आहेत का ते नजरेखालून घाला.

जोर देण्यासाठी इटॅलिक, हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात जास्त वाया जाणारा उपयोग. एका पानावर एखादा शब्द असेल तर वाचकाच्या मनात आवाज खरंच बदलतो. परिच्छेदागणिक तीन असतील तर लेखक ओरडतोय असं वाटतं. माझं सरळ मत, शब्दांची जागा बदलून जोर येत असेल तर इटॅलिक काढून टाका.

वेबवर आणि पीडीएफमध्ये तपासणी

वेबसाइटवर फॉन्ट जोडताना लोक फक्त रेग्युलर फाइल जोडतात आणि मग ब्राउझर इटॅलिक मागितल्यावर स्वतःच रोमन वाकवतो. फॉन्ट घेताना इटॅलिकची टिकमार्क वेगळी करायची असते, आणि स्टाइलशीटमध्ये त्या फाइलसाठी फॉन्ट फेसचा वेगळा ब्लॉक लिहून त्यात फॉन्ट-स्टाइल इटॅलिक असं सांगायचं असतं. काम चालू असताना फॉन्ट-सिंथेसिस ही प्रॉपर्टी नन करून ठेवा, मग खोटा इटॅलिक बनणारच नाही आणि जिथे फाइल राहिली तिथे अक्षरं उभीच दिसतील, लगेच कळेल. व्हेरिएबल फॉन्टमध्ये, म्हणजे एकाच फाइलमध्ये जाडी, कल वगैरे हवं तसं बदलता येतं अशा फॉन्टमध्ये, कल वेगळ्या अक्षावर असतो आणि आकार बदलणारा इटॅलिक वेगळ्या अक्षावर, नुसता कल असलेला फॉन्ट घेतला तर तो ऑब्लिक आहे हे ध्यानात ठेवा. बऱ्याच सेरिफ व्हेरिएबल फॅमिलीत म्हणूनच रोमन आणि इटॅलिक अशा दोन फाइली येतात.

पीडीएफ झाल्यावर डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी उघडा. इटॅलिक वापरला असेल तर यादीत त्याचं वेगळं नाव दिसायला हवं. नसेल तर प्रेसला पाठवायच्या आधी थांबा.

स्वतः काढायचा असेल तर

हा भाग मोठा होणार कारण खरी मजा इथे आहे. आधी स्क्रीन बंद, रुंद निबचं पेन घ्या, निब साधारण ४५ अंशांत धरा आणि कागदावर एन, ओ, ए, एच भराभर लिहा. हात जिथे आपोआप बारीक आणि जिथे जाड रेघ देतो ते बघा, एन ची कमान चढताना बारीक, उतरताना जाड. हे हातात आल्याशिवाय सॉफ्टवेअरमध्ये काढलेला इटॅलिक सुबक होईल पण मेलेला होईल.

मग एन आणि ओ पासून सुरू करा. एन उलटा केला की जवळपास यू मिळतो, ए चं पोट मिळालं की डी, जी, क्यू मिळतात, ते पोट उलटं केलं की बी आणि पी कडे जाता येतं. एवढी अक्षरं एकमेकांशी बोलायला लागली की निम्मं काम झालं. एक्स-हाइट म्हणजे शेपटी-डोकं नसलेल्या स्मॉल अक्षरांची उंची रोमनएवढीच ठेवा किंवा केसभर कमी, रुंदी कमी करा आणि दांडीची जाडी थोडी कमी.

कॅपिटल्स मात्र रोमनवरून कलवूनच करतात, सेरिफसकट, आणि इथे गणित उपयोगी पडतं. फॉन्ट एडिटरमध्ये मापं युनिटमध्ये असतात, ७०० युनिट उंचीचं कॅपिटल १२ अंशांनी कलवलं तर त्याचा माथा साधारण १४९ युनिट उजवीकडे सरकतो. कलवताना बेसलाइन स्थिर धरली तर सगळी अक्षरं आपल्या चौकटीत उजवीकडे गेल्यासारखी दिसतात, म्हणून एक्स-हाइटच्या निम्म्यावर कल फिरवायचा, म्हणजे एक्स-हाइट ४८० असेल तर २४० वर, खालचा भाग डावीकडे आणि वरचा उजवीकडे सरकतो आणि अक्षर मधोमध राहतं. दुसरं, कलवल्यावर आडवी जाडी तीच राहते पण दांडीची खरी जाडी, म्हणजे काटकोनात मोजलेली, कमी होते. १५ अंशांना १०० युनिटची दांडी ९७ च्या आसपास उरते. ऐकायला काहीच नाही, पण अख्ख्या ओळीत ती फिकट दिसते, तेवढी भरून काढावी लागते, काही फॉन्ट एडिटर ते आपोआप करून देतात तरी नजर फिरवाच.

गोल अक्षरं सगळ्यात जास्त त्रास देतात. ओ कलवला की त्याचा वरचा उजवा आणि खालचा डावा भाग फुगतो आणि जाड होतो, बाकीच्या दोन बाजू बारीक होतात आणि ओ दांड्यांपेक्षा जास्त झुकलेला वाटतो. उपाय असा की थोडं कलवायचं, थोडं फिरवायचं आणि मग हाताने वळणं ओढून जाडी जागेवर आणायची. एसचा मणका तर सरळ परत काढा, वेळ वाचतो. कलवल्यावर वळणांवरचे पॉइंट टोकाच्या जागी राहत नाहीत, ते नव्याने टोकांवर टाकून जुने काढा, नाहीतर पुढे हिंटिंगमध्ये, म्हणजे लहान साइझला स्क्रीनवर अक्षर नीट दिसावं म्हणून दिलेल्या सूचनांत, रडारड. कॅपिटल्सचा कल स्मॉलपेक्षा किंचित कमी ठेवला तर डोळ्याला दोन्ही सारखे वाटतात.

शेवटी फाइलमध्ये इटॅलिक अँगल भरायचा, उजवीकडे कल असला तरी तो आकडा उणे असतो, १२ अंश म्हणजे उणे १२, आणि रेग्युलरशी स्टाइल लिंक करायची, म्हणजे हा इटॅलिक त्याच फॅमिलीचा आहे हे सॉफ्टवेअरला सांगायचं. हे लिंकिंग विसरलं तर इतकं सगळं काढूनही कंट्रोल-आय दाबल्यावर वर्ड खोटाच इटॅलिक देईल.

आणि देवनागरीत

देवनागरी छपाईत रोमन-इटॅलिक अशी जोडी कधी रूढ झाली नाही, त्यामुळे मराठी मजकुरावर कंट्रोल-आय दाबलं की बहुतेक वेळा मिळतो तो वाकवलेलाच फॉन्ट. शिरोरेघ आडवीच राहते, काने कलतात, आणि तिरक्या शब्दाची शेवटची वेलांटी किंवा मात्रा पुढच्या उभ्या चिन्हावर जाऊन टेकते. मराठीत पुस्तकाच्या नावाला अवतरणचिन्ह, जोर द्यायला बोल्ड, किंवा दुसऱ्या वळणाचा देवनागरी फॉन्ट, एवढं पुरतं. मराठी ओळीत मधेच रोमन लिपीतलं शास्त्रीय नाव आलं तर ते मात्र खऱ्या सेरिफ इटॅलिकमध्येच लावा, आणि साइझ मराठीएवढीच ठेवून भागत नाही, काही फॉन्टच्या जोडीत रोमन लिपीची स्मॉल अक्षरं देवनागरीशेजारी बारकी दिसतात तर काहीत उलट, तेव्हा अर्ध्या-अर्ध्या पॉइंटने साइझ कमी-जास्त करत एक्स-हाइट आणि शिरोरेघेखालच्या अक्षराची उंची यांचा मेळ बसतोय का ते प्रिंटवर बघा, मग कॅरेक्टर स्टाइल बनवून ठेवा म्हणजे प्रत्येक नावाला परत परत करावं लागणार नाही.